कुडीतल्या खबरा आणि दूरदेशीचे हसू



कोकणीत गप्पा मारण्याला ‘खबरो मारप’ म्हणतात. मराठीत आपण बातमी सांगतो आणि गप्पा मारतो. गोमंतकीय माणूस मात्र बातमीच मारतो. बातमी निराळी आणि गप्पा निराळ्या, असा भेद त्याच्या भाषेने ठेवलेलाच नाही. खबर आली की दोघांनी ती वाटून घ्यावी, तिला थोडे तिखटमीठ लावावे, आणि तिसरा येऊन बसेपर्यंत तिची गंमत झालेली असावी, अशी ही रीत आहे. गावात राहणाऱ्याला हा घटकाभराचा विरंगुळा वाटतो. ज्याला पोटासाठी गाव सोडावे लागले, त्याच्यापाशी मात्र गावाचे म्हणून पुष्कळदा एवढेच उरते.

मुंबईतील ‘कूड’ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावयास नको. गोव्याचे खलाशी, आचारी, बटलर, बँडवाले, शिंपी मुंबईस जाऊ लागले, तेव्हा एकेका गावच्या लोकांनी धोबीतलाव, मझगाव, डाबूल, कावेल अशा भागांत आपल्या गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. कूड म्हणजे खोलीच. भिंतीला लागून पेट्यांची रांग, एका टोकाला वेदी, तीवर गावच्या आश्रयदात्या संताची मूर्ती, महिन्याची वर्गणी अगदी थोडी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळ म्हणायची हा सक्त नियम. जहाजावरून उतरलेला खलाशी पुढची नोकरी लागेपर्यंत तेथे राही. अशा कुडी मुंबईत शेकड्यांनी होत्या. धोबीतलावच्या जेर महालात काही आजही आहेत.

या कुडीत गावाहून नवा माणूस आला की त्याची सुटका नसे. मुरगावची गाडी कॅसलरॉकची जकात ओलांडून लोंढ्यास यावयाची आणि तेथून बेळगाव, पुणे करीत प्रवासी मुंबईस पोचावयाचा. अंग दुखत असे, डोळ्यांत कोळशाची कस असे. तरी त्याला पेटीवर बसवून आधी खबरा काढून घेत. कोणाच्या मुलीचे ठरले, कोणाचे भाताचे शेत खाऱ्या पाण्याने गेले, फेस्ताचा खर्च यंदा कोणी उचलला, आणि रेजिदोराने कोणावर डोळे वटारले. नवा माणूस सांगून दमला की जुन्यांचे सुरू होई. गावात रस्ता झाला म्हणावे, तर एकजण विचारी, “तो रस्ता आपल्या गावास येतो की गावातून जातो?” सारे हसत. हसता हसता ज्याचे शेत गेले त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जाई, आणि मग कोणीतरी विषय बदली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चेष्टा करणारा आणि ज्याची चेष्टा झाली तो, या दोघांची अंथरुणे त्या रात्री शेजारीच पडावयाची होती. त्याआधी एकाच वेदीपुढे गुडघे टेकावयाचे होते. कुडीतला विनोद तिखट असला तरी त्याला धनी होता आणि त्याला कुंपणही होते.

याच परागंदा लोकांनी आपले हसू रंगभूमीवर नेले. मुंबईस आलेल्या इटालियन ऑपेराचे खेळ पाहून लुकाझिन रिबेरो यांना कोकणीत तसे काही करावे असे वाटले. आणि १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ हा पहिला तियात्र झाला. गोव्याची म्हणून जी रंगभूमी आज आपण मिरवतो, तिचा जन्म गोव्याबाहेर, मुंबईच्या भाड्याच्या नाटकगृहात झाला आहे, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. पुढे जुवांव आगोस्तिन फेर्नांडिस यांनी तियात्राला बाळसे आणले, म्हणून लोक त्यांना तियात्राचे जनक मानतात. त्यांची पत्नी रेजिना १९०४ साली रंगमंचावर आली. तोवर बायकांची कामे पुरुषच करीत. एका विवाहित ख्रिस्ती स्त्रीने त्या काळी असे पाऊल टाकले, याचे कौतुक करावयास आपण उशीरच केला असे आमचे मत आहे.

तियात्र पाहिलेल्यांना ठाऊक आहे की कथा एकीकडे चाललेली असते आणि दोन प्रवेशांच्या मध्ये पडद्यापुढे येऊन गाणारे ‘कांतार’ म्हणतात. त्या कांतारांचा कथेशी संबंध असावाच असे नाही. मघाशी आई मरणशय्येवर असते आणि आता दोघे टोपीवाले महागाईवर, पंचायतीवर, नव्या मंत्र्यावर गात असतात. ट्रम्पेट आणि ड्रम साथीला. शिकलेली मंडळी याला हसत. आम्हाला विचाराल तर हा तियात्राचा प्राण आहे. ज्या माणसाला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, किंवा जे वाचता येत होते ते त्याच्या भाषेत नव्हते, त्याला आठवड्याची बातमी चालीवर मिळत होती, आणि तिच्यावरची टीकाही. गावोगावच्या जागरांत आणि इंत्रुजाच्या खेळांत गावातल्या उणिवांवर बोट ठेवण्याची जी जुनी रीत होती, तीच येथे नव्या वेषात आली.

मुंबईत आणखी एक सोय होती. सालाझारच्या राजवटीत गोव्यातील वृत्तपत्रांना छापण्यापूर्वी मजकूर सेन्सॉरला दाखवावा लागे, आणि तियात्राची संहिताही मंजूर करून घ्यावी लागे. मुंबईत पोर्तुगीजांचा सेन्सॉर नव्हता. गावी जे कुजबुजावे लागे ते धोबीतलावला मोठ्याने बोलता येई. १९५५ साली भारत सरकारने नाकेबंदी केली, गाडी थांबली, आगबोटीही थांबल्या, आणि गावची खबर येण्याचे मार्गच आक्रसले. त्या वर्षांत मुंबईतील गोवेकर हसला तो कधी पोर्तुगिजांना, कधी दिल्लीला, आणि कधी दोघांच्या कात्रीत सापडलेल्या स्वतःला. गावात आई आणि मुंबईत मुलगा, मध्ये बंद नाका. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपेपर्यंत कित्येक घरांची हीच गत होती.

पण मुक्तीनंतर सहा वर्षांच्या आत परागंदा माणसाला निराळाच धडा मिळाला. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून राहावे. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि विरुद्ध १,७२,१९१, अंतर ३४,०२१. कोणाची बाजू खरी, हा वाद येथे नको, आमच्या वाचकांत दोन्ही मतांची घरे आहेत. त्या दिवसांत कांतारे झाली, पत्रके झाली. मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे तिखट सदर गाजले, विलीनीकरणाविरुद्ध आणि तेही मराठीत! मात्र गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांना मत देऊ द्यावे ही मागणी मान्य झाली नाही. मुंबईच्या कुडीत बसून ज्यांनी दोन्ही पक्षांची यथेच्छ टिंगल केली, त्यांच्या हाती मतपत्रिका आली नाही. गावाविषयी बोलण्याचा हक्क त्यांचा. गावाचे भवितव्य ठरवणारे दुसरे.

मारियो मिरांडा यांचे नाव येथे घेतले पाहिजे. दमणास १९२६ साली जन्मलेला हा लोटलीचा माणूस मुंबईच्या वृत्तपत्रांत चित्रे काढी आणि मंत्री, कारकून, नट्या या साऱ्यांची रेवडी उडवी. तथापि गोव्याचा पाद्री, पोदेर, गिटारवाला आणि गल्लीतला कुत्रा काढताना त्यांची रेघ वेगळी चाले. ती माणसे हास्यास्पद दिसतात, पण त्यांच्याकडे पाहून कोणी नाक मुरडत नाही. मारियो पुढे लोटलीस परतले आणि २०११ साली तेथेच वारले. गावावर हसून गावात परत जाऊन राहता येणे, ही विनोदाची एक चांगली कसोटी आहे.

आता कुडीची जागा मोबाइलने घेतली आहे. ज्या पिढीने २ ऑगस्ट १९९० नंतरचे दिवस पाहिले तिला या बदलाचे मोल कळेल. इराकने कुवेत घेतले तेव्हा तेथील आपल्या माणसांची खबर मिळेना. कोणी रेडिओला कान लावून बसे, कोणी चर्चमध्ये. पुढे अम्मानमार्गे दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणले गेले. त्या वेळी एका ओळीच्या निरोपासाठी घरे तळमळत होती. आज कुवेतला, दुबईला, दोह्याला असलेला मुलगा गावच्या पंचायतीचा ठराव सरपंचाच्या बायकोच्या आधी वाचतो आणि त्यावर चार ओळींची थट्टा लिहून घरी धाडतो.

ही थट्टा पुष्कळदा गोड असते. बारा तास उन्हात किंवा हॉटेलच्या भट्टीपुढे काढून खोलीवर आलेली आठ माणसे गावच्या खड्ड्यांवर खदखदून हसतात, तेव्हा त्या हसण्यात गाव जवळ आणण्याची धडपड असते. नुकतीच लग्न होऊन एकटी राहिलेली सून तो विनोद सासूला वाचून दाखवते आणि दोघींची संध्याकाळ बरी जाते. याला नावे ठेवणारा माणूस कोरडाच म्हणावा लागेल.

परंतु काही गोष्टी बोलल्या पाहिजेत. आखातातील आपला माणूस गोव्याच्या मंत्र्यावर हसतो. ज्या देशाचे मीठ खातो तेथील सत्तेवर मात्र हसत नाही, आणि त्याला ते परवडणारेही नाही. संयुक्त अरब अमिरातीत २ जानेवारी २०२२ पासून जो सायबर गुन्ह्यांचा कायदा अमलात आहे, त्यात अफवा पसरवणे आणि राज्याची खिल्ली उडवणे यांसाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. म्हणजे त्याचे सारे हसू घरच्या दिशेनेच वाहते. मालकाने केलेला अपमान, अडकलेला पगार, यांचा राग कधी कधी गावच्या बातमीवर निघतो. घरी ते वाचणाऱ्याला हे ठाऊक नसते. त्याला वाटते, मुलगा मोठा झाला आणि आपल्याला हसू लागला.

इंग्लंडला स्विंडनला गेलेल्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते, त्या आधारे हजारोंनी तिकडची वाट धरली. परके नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, आणि मतही. आखातात राहून भारतीय नागरिकत्व राखणाऱ्याला २०१० सालच्या कायद्यातील दुरुस्तीने मतदार होता येते, पण मत देण्यास जातीने गावी यावे लागते. विमानाचे तिकीट काढून मतदानास येणारे किती असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. राहते ते एकच, बातमीखाली लिहिलेली टवाळी.

त्याहून मोठी अडचण निराळी आहे. वाड्यावर दोन घरांत वाटेवरून वाद झाला, पोलीस आले, बातमी छापून आली. कोणीतरी कतारमधून त्यावर विनोद रचतो. रचणारा वाईट नसतो. त्याला त्यातले एकही माणूस डोळ्यांसमोर दिसत नसते. तो विनोद शंभर फोनांतून फिरून संध्याकाळी त्याच वाड्यावर परत येतो, आणि रचणाऱ्याचे नाव वाटेत गळालेले असते. ज्या बाईची वाट अडली तिने भांडावे कोणाशी? कुडीत तिचा भाऊ समोरच्या पेटीवर बसलेला असता आणि दोन शब्दांत प्रकरण मिटले असते. येथे ती बाई रविवारी मिस्सेला दुसऱ्या दाराने येऊ लागते. असे घडलेले आम्ही ऐकले आहे, आणि एकाच गावातून नव्हे.

एका आजीबाईंनी यावर काढलेला तोडगा आम्हाला आवडला. नातवाने बहरीनहून गावच्या कोणावर विनोद धाडला की त्या फोन करून त्यालाच विचारतात, “बाबा, हे त्याच्या दारात उभा राहून म्हणशील काय?” बहुतेक वेळा नातू म्हणतो, म्हणेन की आजी, तो माझा वर्गमित्रच आहे. मग आजीबाई तो विनोद स्वतः शेजारी जाऊन सांगून येतात. दोनदा नातू गप्प राहिला. ते दोन विनोद आजीबाईंच्या फोनपाशीच थांबले.

तियात्राचे कांतारवाले मात्र अजून जुन्या नियमानेच चालतात. नोव्हेंबर-डिसेंबरात परदेशची माणसे घरी येऊ लागतात; ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त होते, मागोमाग गावोगावची फेस्ते लागतात, आणि मांडवात तियात्र उभा राहतो. आखातातून आलेला मुलगा आईला घेऊन मधल्या खुर्च्यांवर बसतो. पडदा पडतो, बँड सुरू होतो, गाणारा पुढे येतो आणि गावच्या न झालेल्या रस्त्यावर कांतार धरतो. पहिल्या रांगेत सरपंच बसलेले असतात, आणि गाणारा त्यांच्याकडे पाहूनच गातो. कडवे संपले की सरपंचांनाही टाळी वाजवावी लागते, कारण सारा गाव त्यांच्या हातांकडे बघत असतो.