दमडी मशीद कोणाची?

निजामशाही आपल्याला परीक्षेपुरती ठाऊक असते. १४९० ला सुरुवात, १६३६ ला अखेर, मध्ये चांदबिबी, झाला धडा! आपला यवतमाळचा मुलूख ज्या वऱ्हाडात मोडतो, ते वऱ्हाड मुर्तजा निजामशहाने १५७४ साली इमादशाही बुडवून घेतले, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. याच मुर्तजाच्या कारकिर्दीत, १५६७ साली, अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्याजवळ एक लहानशी मशीद उभी राहिली. तिचे नाव दमडी मशीद.

दर्शनी बाजूस तीन कमानी आणि काळ्या दगडावर केलेले अतिशय नाजूक कोरीवकाम, हे तिचे वैभव. त्याच सुमारास तिकडे एदिर्ने शहरात ऑटोमन तुर्कांचा थोर वास्तुकार सिनान सुलतान दुसऱ्या सेलीमसाठी सुमारे ३१ मीटर व्यासाच्या घुमटाची मशीद उभारू लागला होता. तेथे बांधवणारा आणि बांधणारा, दोघेही इतिहासात अमर झाले. आपल्याकडे साहिरखान या सरदाराचे नाव उरले. छिन्नी चालवणारे हात अनामच राहिले.

आणि कारागिराचे नाव नोंदवण्याची रीत नगरला अगदीच नव्हती असेही नाही. १५४९ साली तेथे ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ आज विजापूरला आहे. ती ओतणाऱ्या महंमद बिन हसन रूमी या तुर्काचे नाव तोफेवरच कोरलेले आहे. तोफेच्या कारागिराला जो मान मिळाला, तो पाथरवटाला मिळाला नाही.

ही उणीव लोकांनी आपल्या परीने भरून काढली. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात किल्ला दगडी बांधला. त्या कामावरच्या मजुरांनी मजुरीतून दमडी-दमडी बाजूला काढून ही मशीद उभी केली, असे लोक सांगतात. दमडी म्हणजे पैशाचाही एक लहानसा अंश!

ही दंतकथा आहे, तिला पुरावा काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. दंतकथेला दस्तऐवज मानू नये, हे मलाही मान्य आहे. परंतु चारशे वर्षांहून अधिक काळ लोकांनी सरदाराच्या नावापेक्षा मजुराच्या दमडीने ही वास्तू ओळखली, ही गोष्टदेखील इतिहासच नव्हे काय? आपल्या सहली वेरूळ-अजिंठ्याला जातात, जरूर जाव्यात. एखादी सहल नगरलाही न्यावी, आणि तेथे वर्गात न विचारला जाणारा प्रश्न विचारावा: हे बांधले कोणी, आणि नाव राहिले कोणाचे?