आईचा नंबर बाळाच्या पट्टीवर



कॉम्प्युटरमध्ये घरची माणसं कशी साठवतात, ते आज नर्सच्या भाषेत सांगते. प्रसूतिगृहात बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर आईचा नंबर असतो. जुळी झाली तरी दोन्ही पट्ट्यांवर तोच. डेटाबेसचंही तस्संच. प्रोग्राममध्ये आईजवळ मुलांची यादी असते. साठवताना मात्र प्रत्येक मुलाची वेगळी ओळ, आणि त्या ओळीत आईचा नंबर. ही तक्त्यांची पद्धत एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली.

नुसतं नाव का नाही चालत? अहो, आपल्या एकेका कुटुंबात दोन सॅम्युएल अन् तीन रिबका! नावं जुळतात, नंबर नाही.

आधी आईची नोंद, मग मुलाची. नाहीतर नंबर आणणार कुठून?

आता पुसण्याचं. प्रोग्राममध्ये ‘कॅस्केड डिलीट’ लावलं, तर आईबरोबर मुलंही पुसली जातात. दुकानाच्या बिलाला ते ठीक. बिल गेलं, त्यातल्या वस्तूही गेल्या. वंशावळीत तसं चालेल का?

म्हणून मुलांनो, घराण्याची वंशावळ कॉम्प्युटरवर घालाल तेव्हा तिथे पुसायला बंदी ठेवा. आजी गेली तर तिची ओळ पुसू नका, पुढे तारीख लिहा. तिच्या नंबरावरच तुम्ही सगळे उभे आहात.