मोजपट्टी राज्याची, प्रेक्षक भाषेचा

सीमाभागात मराठी माणूस किती, याचे उत्तर आपण आजवर जनगणनेच्या तक्त्यांत, मतदारयाद्यांत आणि शाळांच्या पटावर शोधत आलो. याखेरीज आणखी एक गणती दर आठवड्याला होत असते आणि तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती म्हणजे दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांची. कोणती मालिका चालू राहावी, कोणत्या वाहिनीला जाहिरात मिळावी, कोणत्या भागातील बातमीला दोन मिनिटे द्यावीत, हे या गणतीवर बव्हंशी ठरते. म्हणून तिचे स्वरूप नीट समजून घेणे आम्हाला अगत्याचे वाटते.

भारतात हे काम बार्क ही संस्था करते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था यांच्या तीन संघटनांची ही सामायिक कंपनी असून तिची साप्ताहिक आकडेवारी २०१५ पासून प्रसिद्ध होऊ लागली. निवडलेल्या घरांत मीटर बसवलेला असतो. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती टिपतो, आणि घरातील कोण माणूस पाहतो आहे हे ज्याच्या त्याच्या बटणावरून नोंदले जाते. माहिती व प्रसारण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार देशात दूरचित्रवाणी असलेली घरे सुमारे २३ कोटी आणि मीटर सुमारे ५८ हजार. म्हणजे प्रत्येक मीटर सरासरीने चार हजार घरांच्या वतीने साक्ष देतो.

चार हजारांच्या वतीने एकाने बोलावे, यात मुळात गैर काही नाही. नमुना काळजीपूर्वक निवडला, तर थोडक्यांवरून बहुतांचा अंदाज बांधता येतो. परंतु हा एक साक्षीदार नेमक्या कोणत्या चार हजारांचा प्रतिनिधी, हे आधी ठरावे लागते. त्यासाठी एकूण प्रेक्षकवर्गाचा एक पायाभूत अंदाज लागतो. त्याला या व्यवसायात युनिव्हर्स एस्टिमेट म्हणतात. कोणत्या राज्यात, शहरात वा खेड्यात, कोणत्या आर्थिक स्तरात किती घरांत संच आहे, याचा तो ताळेबंद असतो आणि मीटरच्या नोंदींना वजन त्यावरून मिळते. पाया चुकला, तर वर कितीही अचूक मीटर बसवा, निष्कर्ष चुकीचाच येणार.

हा पाया आज जुना झाला आहे. शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा ४७.२ टक्के कुटुंबांकडे दूरचित्रवाणी संच होता. पुढे बार्कने स्वतःचे पाहणी-काम केले. २०१८ च्या पाहणीत अशी घरे १९.७ कोटी निघाली. २०२० साठी हा आकडा २१ कोटी धरला गेला. त्यानंतर महासाथ आली, स्थलांतरे झाली, मोबाइलवर पाहणे वाढले, किती घरांनी केबल सोडली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली होती की, मीटर असलेली घरे २०२२ अखेर एक लाखावर न्यावीत. प्रत्यक्षात २०२५ मध्येही हा आकडा ५८ हजारांवरच होता.

हा दोष साऱ्या देशाचा आहे. आपल्या वाट्याला त्यावर आणखी एक दोष येतो. बार्क दर आठवड्याला भाषावार अव्वल वाहिन्यांची आणि कार्यक्रमांची जी यादी प्रसिद्ध करते, तीत मराठीचे क्षेत्र ‘महाराष्ट्र व गोवा’ असे आहे आणि कन्नडचे ‘कर्नाटक’. परिणाम असा की, खानापूरच्या घरात रात्री आठ वाजता मराठी मालिका पाहिली, तर ते घर कर्नाटकाच्या बाजारपेठेत मोजले जाते आणि मराठीच्या त्या यादीत त्याला स्थान नसते. हीच गत इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे आणि हैदराबाद येथील घरांची. गोव्याचा मराठी प्रेक्षक मोजला जातो, चंदगडचाही जातो. मध्ये बसलेला बेळगावचा मात्र गळतो. उलट बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. अक्कलकोट आणि जत येथील कन्नड कुटुंबही कन्नडच्या यादीतून असेच गळते. तत्त्व एकच आहे आणि ते दोघांनाही लागू असावे, असे आम्ही मानतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. साबण, चहा विकणाऱ्या कंपनीची विक्रीव्यवस्था राज्यवार असते. जाहिरातदार पैसे मोजतो, म्हणून त्याला हवी तशी विभागणी होते. दुसरा आक्षेप संख्याशास्त्राचा. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात मराठी भाषक २० लाखांहून अधिक. कुटुंबात साडेचार माणसे आणि चार हजार घरांमागे एक मीटर, असा हिशेब केला तर त्यांच्या वाट्याला शंभराच्या आसपास मीटर येतात. शंभरांपैकी वीस घरांनी एखादी वाहिनी पाहिली, तर खरे प्रमाण १२ ते २८ टक्क्यांमध्ये कोठेही असू शकते. इतक्या सैल आकड्यावर दर आठवड्याचा निकाल देणे योग्य नाही, हे आम्हालाही मान्य आहे.

पण यातून ‘मोजूच नये’ असा निष्कर्ष निघत नाही. महाराष्ट्राबाहेर राहणारे मराठी भाषक त्याच जनगणनेनुसार सुमारे ५५ लाख. सगळ्यांची घरे एकत्र धरली, तर मीटर तीनशेच्या घरात जातात आणि तीच मर्यादा १५ ते २५ टक्क्यांवर आवळते. आठवड्याला नको, सहा महिन्यांना एकदा तरी असा आकडा सांगता येईल. परदेशात हे घडते. अमेरिकेत निल्सन हिस्पॅनिक घरांचा पायाभूत अंदाज वेगळा काढते आणि घरात स्पॅनिश किती बोलली जाते, हे त्यात पाहते. वेल्समध्ये एस-फोर-सी ही वाहिनी वेल्श बोलणाऱ्या प्रेक्षकांचे आकडे वेगळे मांडते.

कोणते क्षेत्र एकक धरायचे, यावर अल्पसंख्याकाचे दिसणे वा न दिसणे ठरते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षक तरतुदींत १५ टक्क्यांचा जो निकष आहे, तो जिल्हा वा त्याहून लहान क्षेत्रासाठी आहे. तो राज्याला लावला असता, तर कर्नाटकात साडेतीन टक्क्यांहूनही कमी असलेल्या मराठी भाषकांना एकही परिपत्रक मागता आले नसते. प्रेक्षकमोजणीत नेमके हेच एकक चुकले आहे. पुरावा गोळाच करायचा नाही आणि मग पुरावा नाही म्हणून दावा फेटाळायचा, ही रीत कोणत्याही न्यायासनासमोर टिकणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या तीन. पायाभूत अंदाज ठरावीक मुदतीने नवा करावा आणि तो कोणत्या वर्षाचा आहे, हे प्रत्येक आकड्याबरोबर छापावे. घरातील बोलीभाषा हा नमुना निवडण्याचा आणि आकडे मांडण्याचा एक निकष असावा. राज्यसीमेपलीकडील भाषिक प्रेक्षकांचा एकत्रित आकडा, त्याच्या संभाव्य चुकीच्या मर्यादेसह, वर्षातून दोनदा तरी प्रसिद्ध व्हावा.

आपल्याकडूनही एक काम व्हायला हवे. नव्या जनगणनेच्या घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ असा ठरला असून त्यात घरात दूरचित्रवाणी आहे का, हा प्रश्न आहे. लोकगणनेचा टप्पा फेब्रुवारी २०२७ चा. पुढील सर्व अंदाजांचा पाया हाच असणार. प्रगणक दारी येईल तेव्हा संचाची नोंद खरी द्यावी. मातृभाषा विचारली जाईल तेव्हा ‘मराठी’ हा शब्द आपण स्वतः उच्चारावा आणि तोच लिहिला गेला ना, हे डोळ्यांनी पाहावे. ती एक नोंद पुढे अनेक वर्षे आपल्या वतीने बोलणार आहे.