राजनिवासाचा इतिहास आणि वाङ्मयाची साक्ष

राज्यप्रमुखाच्या निवासस्थानाचा इतिहास सामान्यतः बांधकामाच्या सनावळीतून लिहिला जातो. बंगळूरच्या राजभवनाचा इतिहास तसा लिहिणे अवघड नाही. म्हैसूरचे कमिशनर मार्क कबन यांनी १८४० ते १८४२ या काळात ही वास्तू उभारली. पुढे ती सरकारने विकत घेतली. १८८१ साली म्हैसूरचे राज्य वडियार घराण्यास परत मिळाल्यावर तेथे ब्रिटिश रेसिडेंट राहू लागला, आणि स्वातंत्र्योत्तर काळात ती राज्यपालांचे निवासस्थान झाली. वास्तू उभी आहे, म्हणून तिचा इतिहासही सलग आहे.

परंतु याच नगरात दोन शतके आधी एक राजनिवास होता, आणि त्याच्या बाबतीत ही पद्धत निरुपयोगी ठरते. १६३८ साली रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळूर घेतल्यावर ते विजापूर दरबाराकडून शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६६४ साली निधन होईपर्यंत शहाजीराजे कर्नाटकातच वावरले. त्यांच्या वाड्याचा आज मागमूस उरलेला नाही. जे उरले आहे ते जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’त. वि. का. राजवाडे यांनी विस्तृत प्रस्तावनेसह हा ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध केला. जयरामाने राजांपुढे बारा नारळ ठेवले आणि आपण बारा भाषांत कविता करतो असे त्यांचे कारण सांगितले, हा त्यातील प्रसंग अभ्यासकांना परिचित आहे. संस्कृताबरोबर कर्नाटकी, गुर्जरी, यावनी अशा अनेक भाषांना त्या सभेत स्थान आहे.

चंपू हे स्तुतिकाव्य असल्याने त्यावर विसंबू नये, असा आक्षेप घेतला जाईल. वैभवाच्या वर्णनापुरता तो मान्य करावयास हरकत नाही. तथापि कवी धन्याची स्तुती करतो ती धन्याला प्रिय असलेल्या गोष्टींवरून. बहुभाषिक सभा हे शहाजीराजांचे भूषण म्हणून गाइले गेले, यावरून तेथे काय भूषणावह मानले जात होते हे निश्चित कळते. हा पुरावा दगडविटांतून मिळणारा नव्हे.

त्याला पुढील काळाचा दुजोराही आहे. व्यंकोजीराजांनी तंजावरास गादी स्थापिली. तेथे त्यांचे पुत्र शहाजी यांनी ‘पंचभाषाविलास’ हे पाच भाषांचे नाटक रचले. बंगळूर १६८७ नंतर म्हैसूरच्या चिक्कदेवरायांकडे गेले. वाडा सुटला, पण भाषांची ती बैठक मोडली नाही.

असे असता मराठी अभ्यासक हा चंपू बहुधा भोसले घराण्याच्या इतिहासाचे साधन म्हणून उघडतात, आणि कन्नड अंश ‘परभाषेचा’ म्हणून ओलांडून जातात. ज्या ग्रंथाची रचनाच अनेक भाषांच्या सहवासावर उभी आहे, त्याचे असे एकभाषी वाचन म्हणजे त्याचा अर्धा अर्थ गमावणे होय. सीमाप्रश्नाने दोन्ही भाषकांत दुरावा आणलेल्या काळात तर ही हानी केवळ वाङ्मयीन राहत नाही. मराठी, कन्नड, संस्कृत आणि दखनी जाणणाऱ्या विद्वानांनी एकत्र बसून या चंपूची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करावी. नष्ट झालेला तो वाडा पुन्हा बांधता येणार नाही. त्यातील सभा मात्र पुन्हा भरविता येईल.