दुबईत ११०, भारतात २९४! लक्झरी गाड्या आपल्याकडे इतक्या महाग का?

नेकनूरच्या कट्ट्यावर रील्स बघत बसलं की एक व्हिडिओ हमखास येतो. ‘बघा, हीच गाडी दुबईत निम्म्या किमतीत!’ खाली कमेंट ठरलेली, ‘सरकार लुटतंय.’ पण हा विषय नेमका काय आहे?

समजा, बाहेरून आलेल्या गाडीची बंदरावरची किंमत १०० रुपये आहे. ४० हजार डॉलरपेक्षा महाग असलेल्या तयार गाडीवर भारतात ११० टक्के आयात कर लागतो. झाले २१० रुपये. मोठी पेट्रोल-डिझेल गाडी असेल, तर या २१० वर ४० टक्के जीएसटी. म्हणजे करावरही कर! आकडा गेला २९४ वर. डीलरचा नफा आणि रोड टॅक्स वेगळाच. दुबईत ५ टक्के कस्टम आणि ५ टक्के व्हॅट, म्हणजे साधारण ११० रुपयांत काम झालं. अमेरिकेत हा आयात कर कित्येक वर्षं अडीच टक्केच होता. ट्रम्प यांनी एप्रिल २०२५ मध्ये त्यावर आणखी २५ टक्के लावले.

मग आपण इतका कर का लावतो?

कारण गाडी इथं जोडली जावी. सुटे भाग आणून इथं जोडणी केली, तर आयात कर १५ टक्क्यांच्या आसपास येतो. मर्सिडीजची एस-क्लास बघा. जून २०२१ मध्ये ती तयार अवस्थेत आली, तेव्हा एस ४५० ची किंमत होती २.१९ कोटी. ऑक्टोबरमध्ये चाकणला जोडणी सुरू झाली आणि किंमत आली १.६२ कोटींवर. फीचर्समध्ये थोडा फरक होता, पण मोठा फरक कराचाच.

ऑडीच्या गाड्याही अशाच आपल्या संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडल्या जातात.

पुढं काय?

जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात ठरावीक कोट्यापुरता गाड्यांवरचा कर टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. कोटीची गाडी घेणाऱ्यासाठी ही खुशखबर. पण तयार गाडीवरचा कर सुट्या भागांपेक्षाही कमी झाला, तर इथं जोडणी कशाला करायची, हा प्रश्न कंपन्यांना पडणारच.

आपल्या बीडमधली पोरं आयटीआय करून चाकणला आणि शेंद्र्याला कामाला जातात. त्यामुळं गाडी घ्यायची ऐपत नसली, तरी हा कर आपल्याही घरापर्यंत येतो. पुढच्या वेळी ती रील आली, तर कमेंट करण्याआधी एवढं लक्षात असू द्या.