सिम्बॉल उसना घ्या, खात्री नको

पहिल्या नोकरीत रुजू झाल्यावर सॉफ्टवेअरवाल्याला महिन्याभरात एक मंत्र मिळतो: जे कोणी आधी लिहून ठेवलंय ते पुन्हा लिहीत बसू नकोस. लायब्ररी घे, कॉल कर, पुढचं काम बघ. मंत्र चांगलाच आहे. हल्ली आपल्यातले बरेच जण शनिवार-रविवारी हार्डवेअरच्या नादी लागलेत. चार-पाच छोटे बोर्ड बाहेरून बनवून घेणं आता खिशाला परवडतं. आकृती काढायला कीकॅड आहेच: फ्रान्सच्या ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ साली सुरू केलेलं, फुकट आणि ओपन सोर्स. आपण तिकडे जातो तेव्हा हा मंत्रही सोबत नेतो. माझं म्हणणं एवढंच की इथे तो अर्धाच लागू होतो.

आधी सिम्बॉल म्हणजे काय ते बघू. सर्किटची आकृती काढताना आपण एकेका पार्टचा सिम्बॉल उचलून ठेवतो. रेझिस्टरची नागमोडी रेघ, ऑप-अँपचा त्रिकोण वगैरे. दिसायला नुसतं चित्र, पण त्याच्या पोटात आणखी दोन गोष्टी असतात. एक, पिनचे नंबर, म्हणजे चित्रातली कुठली रेघ हा खऱ्या पार्टचा कितवा पाय. दोन, पिनचा प्रकार: इनपुट, आउटपुट, पॉवर, ओपन कलेक्टर वगैरे. चित्र माणसासाठी असतं. बोर्डावरचं तांबं मात्र नंबरावर चालतं.

आता बीसी५४७ आणि २एन३९०४ हे दोन ट्रान्झिस्टर घ्या. दोन्ही एनपीएन, दोन्ही त्याच काळ्या टीओ-९२ पॅकेजमधले. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एक मागितला आणि नसला, तर दुकानदार दुसरा काढून देईल. "घ्या साहेब, चालतो." छोटा रिले किंवा एलईडी चालवायला खरंच चालतो. पण सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून बीसी५४७ चे पाय कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर असे. म्हणूनच कीकॅडमध्ये साध्या एनपीएनचे सुद्धा बीईसी, ईबीसी, सीबीई असे वेगवेगळे सिम्बॉल आहेत. चित्र एकच, नंबर निराळे.

इथे निदान बेस मधे आहे, पार्ट उलटा फिरवून वेळ मारून नेता येते. व्होल्टेज रेग्युलेटरला ती सोय नाही. जुन्या प्रोजेक्टमध्ये ७८०५ होता, नव्यात ३.३ व्होल्ट हवेत, म्हणून ७८०५ चा सिम्बॉल कॉपी करून त्यावर एलएम१११७-३.३ असं नाव टाकलं. दोन्ही तीन पायांचेच की! पण ७८०५ चे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट आणि १११७ चे ग्राउंड, आउटपुट, इनपुट. तीनपैकी एकही जुळत नाही. भर म्हणजे ७८०५ चा धातूचा टॅब ग्राउंडला असतो आणि १११७ चा आउटपुटला.

तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअर तपासतं ना? ईआरसी नावाची चाचणी असते, ती चालवा. गोम इथेच आहे. ईआरसी काय तपासते? सिम्बॉलने जे सांगितलं ते. सिम्बॉलच खोटं बोलत असेल तर चाचणी हसतमुखाने पास होते. ज्या कोडची टेस्ट घ्यायची त्याच कोडमधून अपेक्षित उत्तर उचलल्यासारखं आहे हे. आणि कोड चुकला तर संध्याकाळी पॅच टाकता येतो. बोर्ड चुकला तर नवा येईपर्यंत थांबायचं, पैसे वेगळे. बीईच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, सबमिशनला आठ दिवस असताना याचा अर्थ काय होतो.

नंबर जुळले म्हणजे सुटलो असंही नाही. एलएम३५८ हा ऑप-अँप आणि एलएम३९३ हा कम्पॅरेटर, दोघांचे आठही पाय एकाच क्रमाने आहेत. पण ३९३ चं आउटपुट ओपन कलेक्टर आहे. ते फक्त खाली ओढतं, वर न्यायला बाहेरून पुल-अप रेझिस्टर लागतो. ३५८ चा सिम्बॉल वापरला तर ही गोष्ट आकृतीत कुठेच दिसत नाही.

यावर काही जुने हार्डवेअरवाले दुसऱ्या टोकाला जातात. "मी कोणाची लायब्ररी वापरत नाही, प्रत्येक सिम्बॉल स्वतः काढतो." हेही मला पटत नाही. शंभर पायांचा मायक्रोकंट्रोलर रात्री अकरा वाजता डेटाशीट बघून टाइप करणाऱ्या माणसापेक्षा, अनेकांच्या नजरेखालून गेलेला सिम्बॉल बराच बरा. शिवाय ३५८, टीएल०७२, एनई५५३२ या सगळ्यांचे पाय सारखे आहेत. अशा वेळी कीकॅडमध्ये एका सिम्बॉलवरून दुसरा डिराइव्ह करता येतो, आपल्या इनहेरिटन्ससारखाच. मूळ सुधारला की पोरं सुधारतात. तिथे नव्याने काढत बसणं म्हणजे निव्वळ हौस.

मग पुनर्वापर करायचा कशाचा? माझं उत्तर: खात्री झालेल्या सिम्बॉलचा. दिसायला सारखा असणं ही खात्री नव्हे. मी माझी स्वतःची एक छोटी लायब्ररी ठेवतो. बाहेरून घेतलेला सिम्बॉल, ज्या कंपनीचा पार्ट खरंच विकत घेणार तिच्या डेटाशीटशी पॅकेजसकट ताडून बघतो, आणि त्यातच एका फील्डमध्ये लिहितो: कधी तपासला, कुठल्या बोर्डावर चालला. दहा मिनिटांचं काम, तेही एकदाच. पुढच्या बोर्डाला तो डोळे मिटून वापरावा, तो हक्क आपण कमावलेला असतो.

आणखी एक. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या कीकॅड ६ पासून आकृतीची फाइल वापरलेल्या सिम्बॉलची प्रत स्वतःतच ठेवते. सोय मोठी, फाइल कुठेही उघडा, चित्र दिसतं. पण लायब्ररीत केलेली दुरुस्ती जुन्या आकृतीत आपोआप पोचत नाही, मुद्दाम अपडेट करावी लागते. जुन्या प्रोजेक्टमधून तुकडा कॉपी केला तर जुनी चूकही सोबत येते. डिपेंडन्सी आणि रेपोत कोंबलेली प्रत यांतला फरक आपल्याला वेगळा सांगायला नको.

थोडक्यात, आपला मंत्र बदलायची गरज नाही. फक्त कोडमध्ये खात्रीचं काम कंपाइलर आणि टेस्ट करतात, इथे ते दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही. बघा पटतंय का. आणि या रविवारी वेळ असेल तर तुमच्या शेवटच्या आकृतीतले तीन पायांचे सगळे पार्ट डेटाशीट उघडून एकदा मोजा.