मुलगी ‘पाहण्या’चा अधिकार कोणाचा ?

तुळशीचें लग्न लागलें कीं आमच्याकडील मध्यम स्थितींतल्या घरांतून एक वाक्य ऐकूं येऊं लागतें : “रविवारीं मुलगी पाहावयास येणार आहेत.” कोण येणार हें सांगावें लागत नाहीं. मुलीचा बाप मुलगी ‘दाखवितो’, वरपक्ष ती ‘पाहतो’, आणि मग ती ‘पसंत पडते’ किंवा पडत नाहीं. या शेवटच्या वाक्यांत व्याकरणाच्या कृपेनें ती कर्त्याच्या जागीं बसते खरी, पण पसंती दुसऱ्याचीच असते. जिच्या साऱ्या आयुष्याचा हा प्रश्न, तिच्या वांट्याला पाहण्याचें क्रियापद येत नाहीं.

समारंभ सर्वांच्या परिचयाचा आहे. मुलीनें पोह्यांच्या बशा घेऊन यावें, उजेड तोंडावर पडेल अशा खुर्चीवर बसावें, विचारलें तेवढेंच बोलावें आणि नजर खालीं ठेवावी. नांव, शिक्षण, उंची हें सर्व आधींच कळविलेलें असतां पुन्हां तेंच विचारावयाचें. कारण उत्तर ऐकावयाचें नसतें, उत्तर देणारी पाहावयाची असते. पूर्वीं केस सोडून दाखवावयास सांगत, चार ओळी लिहून घेत, पाय अधू नाहीं ना म्हणून खोलींत चालवीत. हे उघड प्रकार आतां पुष्कळ घरांतून गेले आहेत. पण “बाळ, जरा पाणी आणतेस का ?” असें म्हणून चाल पाहून घेणारी एखादी चतुर आत्याबाई अद्यापि बहुतेक मंडळींत असते, आणि मोबाइलवरचा फोटो तर मुलीच्या आधींच दहा घरें फिरून आलेला असतो.

आमचा मूळचा धंदा वकिलीचा. म्हणून कायद्याचें उदाहरण दिल्यावांचून राहवत नाहीं. न्यायासनापुढें उभ्या असलेल्या साक्षीदारास अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूनें प्रश्न विचारले जाऊं लागले, तर ते बंद करण्याचें कर्तव्य १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें न्यायाधीशावर घातलें, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंहि तें कायम ठेविलें आहे. पोह्यांची बशी हातांत घेतलेल्या मुलीस हें संरक्षण नाहीं. आतां १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचें ४१ वें कलम पाहा : आधीं न पाहिलेला माल खरेदीदाराच्या हातीं आला, तरी तो तपासून घेण्याची वाजवी संधि मिळेपर्यंत त्यानें तो स्वीकारला असें धरतां येत नाहीं. १९५५ चा हिंदु विवाह कायदा मात्र संमतीची भाषा बोलतो. जुलमानें किंवा फसवणुकीनें संमति मिळविली असल्यास तो विवाह रद्द करून घेतां येतो. आमच्या दिवाणखान्यांत रविवारीं सायंकाळीं जें चालतें, तें या दोहोंपैकीं कोणत्या कायद्याला अधिक जवळचें आहे, हें वाचकांनींच ठरवावें.

यावर असें म्हणण्यांत येतें कीं, मुलगीहि त्याच वेळीं मुलाला पाहतेच. मग तक्रार कसली? शहरांत, शिकलेल्या घरांत, हें थोडेंफार खरें आहे, आणि कित्येक मुली स्पष्ट नकारहि देतात याचा आम्हांस आनंद आहे. परंतु दोन नजरांची किंमत एक आहे काय ? वीस मुली पाहिलेल्या मुलाला लोक चोखंदळ म्हणतात; वीस जणांनीं पाहिलेली मुलगी ‘राहिलेली’ होते. वरपक्ष उठतांना “कळवितों” म्हणतो आणि पुष्कळदां कळवीत नाहीं. महिनाभरानें कोणा तिऱ्हाइताकडून पत्रिका जुळत नसल्याचें समजतें. त्या महिन्यांत आईनें तिच्या रंगाविषयीं, हंसण्याविषयीं, नेसण्याविषयीं सूचना केलेल्या असतात. आणि तीहि आरशापुढें उभी राहून स्वतःकडे परक्यांच्या डोळ्यांनीं पाहूं लागलेली असते. आमच्या मतें सर्वांत मोठी हानि ही आहे.

आम्हीं स्वतः हें केलें आहे. पंचविसाव्या वर्षीं एका दुपारीं दोन घरीं मुली पाहिल्या, दोन्हीं घरीं पोहे खाल्ले, आणि एका घरीं उत्तर पाठविण्याचें राहून गेलें. ‘राहून गेलें’ ही वकिली भाषा झाली; पाठविलें नाहीं, हें खरें. त्या मुलीचा चेहराहि आज आठवत नाहीं.

ज्या समाजानें कुमारिकेला दाखवावयास लाविलें, त्यानेंच विधवेला लपविलें. तिच्याकडे कोणाची दृष्टि जाऊं नये म्हणून तिचें केशवपन केलें; पाहणाऱ्यास डोळे आवरावयास मात्र कोणी सांगितलें नाहीं. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या न्हाव्यांनीं या कामास नकार दिला, हें येथें कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे. त्रावणकोरांत याच्या उलट तऱ्हा होती. तेथें वरिष्ठ जातींपुढें छाती झांकण्याचीच नाडार स्त्रियांना बंदी. दीर्घ लढ्यानंतर १८५९ च्या जाहीरनाम्यानें त्यांना मुभा मिळाली, तीहि वरिष्ठ जातींच्या स्त्रियांसारखें वस्त्र घेऊं नये या अटीवर. झांकावयाचें कोणीं आणि उघडें राहावयाचें कोणीं, हें ठरविण्याचा अधिकार दोन्हींकडे त्या स्त्रीच्या हातीं नव्हता.

आपल्याला कोणी पाहत नाहीं अशी स्त्रीची समजूत असतां तिला खासगी क्षणीं पाहणें किंवा तिचें चित्र घेणें, हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे; नव्या न्यायसंहितेचें ७७ वें कलम तेंच सांगतें. पण आमंत्रण देऊन घरांत बोलाविलेल्या नजरेवर फौजदारी कलम चालत नाहीं. ती चाल घरच्या माणसांनींच मोडावयाची आहे.

आमची सूचना साधी आहे. पहिली भेट वराच्या घरीं व्हावी. मुलीनें तेथें जाऊन घर पाहावें, माणसें पाहावीं, प्रश्न विचारावे. पोहे त्यानें आणावे. दोघांना मंडळींवांचून बोलतां यावें. होकार असो वा नकार, पत्रिकेची सबब न सांगतां तो आठ दिवसांत कळवावा. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं या हंगामांत मुलगा लग्नाचा आहे, त्यांनीं यावेळीं मुलीच्या वडिलांना नव्हे, तर तिला स्वतःला पत्र लिहून विचारावें कीं, आपण आम्हांस पाहावयास केव्हां येतां ?